खुर्चीत बसण्याआधी : तहसील कार्यालयातला परिविक्षाधीन दिवस

राज्यसेवेचा निकाल लागला की पुढचे काही महिने सत्कारातच जातात. जुनी शाळा बोलावते, अभ्यासिकेत भाषण द्यायला लावतात, गावच्या वेशीवर फ्लेक्स लागतो. मग नियुक्तीचा आदेश येतो, प्रशिक्षणाची वर्गातली सत्रं सुरू होतात आणि एका सकाळी तुम्ही ओळखीपाळखीचं कुणीही नसलेल्या तालुक्यात, तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात उभे राहता. शिपाई खुर्ची पुसून देतो, चहा येतो, लोक ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणू लागतात. आणि परीक्षेसाठी घोकलेल्या राज्यघटनेच्या कलमांपैकी एकही कलम समोरच्या नस्तीत नावाला दिसत नाही, हे तासाभरात ध्यानात येतं.

त्या तासानंतरचा दिवस कसा घालवावा, एवढ्यापुरता हा लेख आहे. उदाहरण परिविक्षाधीन नायब तहसीलदाराचं घेतलं आहे. तहसीलदार आणि उपजिल्हाधिकारी पदावर निवड झालेल्यांनाही परिविक्षेतले काही महिने याच कार्यालयात, याच टेबलांपाशी काढावे लागतात, त्यामुळे बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

परिविक्षेच्या २ वर्षांत वर्गातलं प्रशिक्षण आणि क्षेत्रीय संलग्नता आलटून पालटून येतात. पुण्याची यशदा, नागपूरची वनामती अशा संस्थांमधल्या वर्गात कायदा कळतो. कागद कसा चालतो ते मात्र तालुक्यालाच कळतं. या काळात तुमच्या हाती अधिकार थोडे असतात. विचारायची मोकळीक मात्र पुढच्या सगळ्या नोकरीत पुन्हा मिळणार नाही इतकी असते. आज तुम्ही कोणत्याही कारकुनाच्या शेजारी स्टूल ओढून ‘भाऊसाहेब, हे असं का करतात?’ असं विचारू शकता, आणि तो आनंदानं सांगतो. २ वर्षांनी तोच कारकून तीच नस्ती घेऊन तुमच्यासमोर उभा राहील आणि तुमच्या सहीकडे बघत असेल. तेव्हा विचारायची सोय उरत नाही. म्हणून या दिवसांत खुर्चीवर कमी बसा आणि कागदाच्या मागे जास्त फिरा, हे माझं पहिलं आणि कळकळीचं सांगणं.

पावणेदहाच्या आधी आणि नंतर

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात ५ दिवसांचा आठवडा झाला आणि कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. तुम्ही साडेनऊला पोचा. त्या पंधरा मिनिटांत कार्यालय मोकळं असतं. अभिलेख कक्षाचं कुलूप कोण उघडतं, पहिला अर्जदार किती वाजता येतो, तो कोणत्या गावाहून आणि कोणत्या एसटीनं आला, त्याला बसायला बाक आहे का, पाण्याचा माठ भरला आहे का, बायकांसाठीच्या स्वच्छतागृहाला कडी लागते का, हे सगळं तेव्हा दिसतं. प्रशिक्षणाच्या कोणत्याही अहवालात यासाठी रकाना नसतो. पण ज्या तालुक्यातली म्हातारी माणसं पहाटे उठून इथवर येतात, तिथल्या अधिकाऱ्याला या गोष्टी माहीत नसतील तर बाकीचं शिक्षण अर्धवटच म्हणायचं.

घरून निघण्याआधी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं एखादंच कलम वाचा. दहा वाचायला जाऊ नका. आदल्या दिवशी जी नस्ती पाहिली, तिच्याशी संबंधित कलम निवडा. नस्ती पाहून मग कलम वाचलं की ते डोक्यात बसतं. उलट क्रमानं वाचलेलं परीक्षेनंतर राहत नाही, याचा अनुभव तुमच्यापैकी प्रत्येकानं घेतलेलाच आहे.

दहाच्या सुमारास टपाल येतं. तहसीलदारांची परवानगी घेऊन ते टपाल पाहत असताना शेजारी बसा. कोणता कागद कोणत्या संकलनाला जातो, कोणत्या कोपऱ्यावर ‘तात्काळ’ लिहिलं जातं, कोणत्या कागदावर ‘चर्चा करा’ असा शेरा पडतो, कशाची प्रत काढून ठेवायला सांगतात, हे निमूटपणे बघा. विधानसभेचा तारांकित प्रश्न, जिल्हाधिकाऱ्यांचं अर्धशासकीय पत्र, न्यायालयाचं समन्स, माहितीच्या अधिकारातला अर्ज आणि एखाद्या शेतकऱ्यानं वहीच्या कागदावर लिहिलेली तक्रार, हे सारं एकाच गठ्ठ्यात येतं. त्यातली पहिली चार आपोआप धावतात, कारण त्यांच्यामागे कुणीतरी उभं असतं. माहितीच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते, समन्सला तारीख असते. वहीच्या कागदाला यातलं काहीच नसतं. तो शेवटचा कागद आवक बारनिशीत चढला का, त्याला क्रमांक मिळाला का, एवढं तुम्ही रोज बघितलंत तरी पुष्कळ झालं.

आठवड्यातून असा एक कागद निवडा आणि त्याच्या मागे जा. बारनिशीतून तो संबंधित लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीत जातो. तिथून टिपणी तयार होऊन अव्वल कारकुनाकडे, मग नायब तहसीलदाराकडे, मग तहसीलदारांकडे. पदनामं आता बदलली आहेत. लिपिकाला महसूल सहायक म्हणतात, तलाठी २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झाले. लोकांच्या आणि कार्यालयाच्याही तोंडी जुनीच नावं आहेत, म्हणून मी तीच वापरतो. कागद कुठे थांबतो ते पाहा आणि का थांबला ते विचारा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: भूमी अभिलेखकडून मोजणीचा नकाशा यायचा आहे, मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल अपुरा आहे, अर्जावर गट क्रमांकच नाही. शासकीय कामातल्या विलंबाबाबतचा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम सांगतो की सर्वसाधारण नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये. हा नियम सर्वांना पाठ असतो. सात दिवसांचे सत्तर कसे होतात, हे मात्र एक कागद हाताशी धरून चालल्याशिवाय कळत नाही.

सहा गठ्ठे

नव्या अधिकाऱ्यांना दप्तररचनेचं शिक्षण कंटाळवाणं वाटतं. तरी ते मनावर घ्या. कारकुनाच्या टेबलावरचे कागद ६ गठ्ठ्यांत लावायची रीत आहे: कार्यवाहीत असलेली प्रकरणं, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबलेली म्हणजे प्रतीक्षाधीन प्रकरणं, ठरावीक मुदतीची विवरणपत्रं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायचे निकाली कागद आणि नष्ट करायचे कागद. अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयीन कामकाजाची जी घडी बसवली, तिला आजही ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखतात. पुढे चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागाचे आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’चा आग्रह धरला, त्याचीही सुरुवात जुने गठ्ठे सोडून कागदांचं वर्गीकरण करण्यापासूनच होती.

तुमच्या कामाचा भाग त्यातला दुसरा गठ्ठा. प्रतीक्षाधीन प्रकरणं म्हणजे ‘आम्ही पत्र पाठवलंय, उत्तर आलं नाही’ असं म्हणून निर्धास्त ठेवलेली प्रकरणं. तहसीलदारांना सांगून हा गठ्ठा आठवडाभरासाठी मागून घ्या. ज्या कार्यालयांकडून उत्तर यायचं आहे त्यांची यादी करा आणि दुपारी स्वतः तिथे चालत जा. भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, पंचायत समिती आणि पोलीस ठाणं ही तालुक्याच्या गावी बहुधा जवळपासच असतात. स्मरणपत्रानं जे दोन महिन्यांत हलत नाही ते समोर बसून चहाच्या कपाबरोबर हलतं, आणि तालुक्यातल्या बाकीच्या कार्यालयांशी तुमची ओळखही होते. पूर आला, निवडणूक लागली, की हीच ओळख कामी येते.

एक वारस नोंद जवळून

शिकण्यासारख्या नस्त्या शेकड्यांनी आहेत. त्यातली एकच नीट बघायची असेल तर वारस नोंद बघा. ती सोपी दिसते, रोजची असते आणि तिच्यात चूक झाली तर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

खातेदार वारला की वारसांचा अर्ज येतो, आता तो ई-हक्क प्रणालीतूनही येतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र सोबत असतं. तलाठी गावात चौकशी करून गाव नमुना ६-क मध्ये म्हणजे वारस नोंदवहीत नोंद घेतो, मग फेरफार नमुना ६ वर धरला जातो. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे गावाच्या भाषेत सर्कल, नोंद प्रमाणित करतात. मग सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण ६-अ ला, तक्रारी नोंदीत जातं आणि सुनावणी लागते.

आता नस्तीतला प्रत्येक कागद हातात घेऊन स्वतःला विचारा: यात कोण राहिलं? प्रतिज्ञापत्रावर तीन भावांची नावं आहेत. बहिणी नव्हत्याच का? शिधापत्रिकेत लग्न झालेल्या मुली नसणारच, त्यामुळे ती पुरावा म्हणून अपुरी आहे. पोलीस पाटलांना आणि शेजाऱ्यांना विचारलं तर कळतं की दोघी आहेत, एक शेजारच्या तालुक्यात दिलेली, दुसरी वारली पण तिची मुलं आहेत. हिंदू वारसा कायद्यातली मुलींना सहदायक करणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच तशी दुरुस्ती केली होती, आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं उरलीसुरली शंकाही मिटवली. तरी प्रतिज्ञापत्रांतून मुलींची नावं गळत राहतात. ‘बहिणीनं सोडलंय साहेब, तिला काही नको’ असं भाऊ सांगतो. बहिणीला खरंच नको असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा त्याचा मार्ग आहे. तोवर तिचं नाव लागलंच पाहिजे. भाऊ कितीही सज्जन असला तरी तोंडी सांगण्यावर नाव वगळायला कायद्यात जागा नाही.

दुसरं, जुना सातबारा काढा. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं दिसलं तर थांबा. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे. जमीन त्याच्या एकट्याची नाही. तो वारल्यावर त्याच्याच मुलांची नावं लागली आणि धाकट्या भावांची शाखा निघून गेली, अशी प्रकरणं प्रत्येक तालुक्यात आहेत. संगणकावरच्या चालू उताऱ्यात हे दिसेलच असं नाही. त्यासाठी अभिलेख कक्षात जाऊन जुने फेरफार उघडायला लागतात. कागद जीर्ण असतो, मोडी अक्षरही मधूनच भेटतं. एखादा निवृत्तीला आलेला अभिलेखपाल ते भराभर वाचून दाखवतो. तो निवृत्त व्हायच्या आत त्याच्याकडून जे घेता येईल ते घ्या.

नोंद चुकली तर खातेदाराला प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं, त्याची मुदत ६० दिवस. ज्या बहिणीला नोटीसच मिळाली नाही, तिला ही नोंद बहुधा पाच-सात वर्षांनी कळते. मग विलंब माफीचा अर्ज, मग वकील, मग तारखा. हे सगळं वाचवायला सुरुवातीची अर्ध्या दिवसाची नीट चौकशी पुरते. हे प्रत्यक्ष समजून घेण्यासाठीच परिविक्षेत तुम्हाला तलाठी सजाचा आणि मंडळाचा स्वतंत्र कार्यभार देतात. तो कार्यभार कमीपणाचा मानू नका. तहसीलदार झाल्यावर तुम्ही ज्यांच्या अहवालावर विसंबणार, त्यांचं काम स्वतःच्या हातानं करायची ही एकच संधी आहे.

लोक भेटायला येतात तेव्हा

साडेअकरा ते दीड हा गर्दीचा वेळ. संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलापाशी सर्वात जास्त रेटा असतो. तिथे दोन-तीन दिवस बसा. अनुदान बंद पडलेल्या माणसाला नेमकं काय झालंय ते कुणी सांगत नाही. हयातीचा दाखला दिला नाही, आधार बँक खात्याला जोडलेलं नाही, बँकेनं खातं निष्क्रिय केलं, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत गेली, अशा चार-पाच कारणांतच बहुतेक प्रकरणं असतात. संगणकावर पाहिलं की पाच मिनिटांत कारण कळतं.

समोर आलेल्या आजींना ‘बघतो’ म्हणू नका. ‘बघतो’ ऐकून त्या पुढच्या सोमवारी पुन्हा येतात, भाडं घालवून. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या: कोणता कागद आणायचा, कोणत्या टेबलावर द्यायचा, कोणत्या तारखेनंतर यायचं. खाली तारीख घाला. काम होण्यासारखं नसेल तर तेही स्पष्ट सांगा आणि का होणार नाही ते त्यांच्या भाषेत सांगा. नकार ऐकून माणूस रागावतो, तरी परत खेप घालत नाही. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली कोणत्या दाखल्याला किती दिवस, याचा फलक कार्यालयात लावलेला असतो. तो स्वतः एकदा वाचून ठेवा, कारण अर्जदारानं तो वाचलेला असतो.

फोनही येतील. गावपुढारी, एखादे सदस्य, त्यांचा स्वीय सहायक. तुम्ही नवीन आहात हे त्यांना ठाऊक असतं आणि तुमची नरमाई किती हे जोखायचं असतं. आदरानं बोला, ‘अर्ज असेल तर पाठवा, नियमानं बघून साहेबांपुढे ठेवतो’ एवढं म्हणा आणि लगेच तहसीलदारांच्या कानावर घाला. दुसऱ्याच्या संकलनातल्या नस्तीबद्दल होकार देणं तुमच्या अधिकारात नाही. आणि मिठाईचा खोका, डायरी, घरी पोचवलेली आंब्याची पेटी यांना पहिल्याच वेळी नम्रपणे परत पाठवा. वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, ते वाचा. पण गावात जी बातमी पसरते ती नियमांपेक्षा वेगानं पसरते. ‘हे साहेब घेत नाहीत’ हे एकदा कळलं की पुढची बरीच कटकट वाचते.

दुपारी जेवण कर्मचाऱ्यांबरोबर करा. स्वतःचा डबा घेऊन जा, मधे ठेवा.

सुनावणीचा दिवस

तहसीलदारांकडे ज्या दिवशी सुनावण्या असतात त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. मागे बसा आणि रोजनामा कसा लिहितात ते बघा. कोण हजर, कोण गैरहजर, कुणी काय दाखल केलं, पुढची तारीख का दिली, हे चार ओळींत त्याच दिवशी लिहून त्यावर सह्या होतात. अपिलात वरचं न्यायाधिकरण सर्वात आधी रोजनामा बघतं. नोटीस बजावल्याची पोच नस्तीत नसेल तर आदेश कितीही शहाणपणाचा असला तरी टिकत नाही.

निकालाला बंद झालेल्या प्रकरणाचा आदेश तुम्ही सरावासाठी लिहून काढा. अर्जदाराचं म्हणणं, जाबदाराचं म्हणणं, निर्णयासाठीचे मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावर पुरावा आणि कारणं, शेवटी आदेश. मग तहसीलदारांनी लिहिलेला आदेश शेजारी ठेवून बघा. सुरुवातीला तुमच्या मसुद्यात हकीकत चार पानं आणि कारणमीमांसा चार ओळी असेल. त्याचं प्रमाण उलटं व्हायला हवं. हरलेल्या माणसानं आदेश वाचला तर आपण का हरलो हे त्याला कळलं पाहिजे, ही माझ्या मते चांगल्या आदेशाची कसोटी.

बांधावर

तालुक्यात सर्वात कडवट भांडणं रस्त्याची. इथे दोन कायद्यांत गल्लत होते, म्हणून आधी तेवढं पक्कं करा. पूर्वीपासून वहिवाटीत असलेला रस्ता कुणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ लागतं, आणि अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा यावा लागतो. शेतात जायला रस्ताच नाही आणि बांधावरून नवीन मागायचा आहे, तर संहितेचं कलम १४३. अर्जदार दोन्ही एकत्र मागतो. आपल्याला विचारायचं असतं ते इतकंच: ‘तात्या, आजवर बैलगाडी कुठून नेत होता?’

स्थळपाहणीला तहसीलदारांबरोबर जा, आणि जाण्याआधी गाव नकाशा पाहून घ्या. दुहेरी तुटक रेषा गाडीरस्त्याची, एकेरी पायवाटेची. दोन्ही बाजूंना आधी नोटीस गेलेली असली पाहिजे आणि दोन्ही बाजू हजर असल्या पाहिजेत. एकाच्या गाडीतून जाऊ नका, एकाच्याच घरी पाणी पिऊ नका. पोचल्यावर भांडण ऐकण्याआधी जमीन बघा. जुन्या रस्त्याची माती चाकांनी दबलेली असते, नांगरट झाली तरी पहिल्या पावसानंतर तो पट्टा वेगळा दिसतो. बांधावर झाडांची रांग एके ठिकाणी तुटते, तिथून गाड्या जात होत्या. जेसीबीनं नुकती उकरलेली चर असेल तर तिच्या कडा अजून कोरड्या आणि धारदार असतात. जवळच्या, पण वादाशी संबंध नसलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांचे जबाब घ्या. ऊस कुठल्या वाटेनं कारखान्याला गेला, हे ते चटकन सांगतात.

पंचनामा जागेवर बसून लिहा. अंतर पावलांत किंवा टेपनं, दिशा सूर्यावरून नव्हे तर नकाशावरून, झाडांची नावं, चरीची रुंदी-खोली. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवा आणि मग सह्या-अंगठे घ्या. एक बाजू सही करायला नकार देते; तसं नमूद करायचं, हुज्जत घालायची नाही. आणि वाद भावाभावांतला असेल, तर कागदाची गडबड संपली की पाच मिनिटं दोघांना एकत्र बसवून बघा. पेरणी तोंडावर असते, दोघांनाही घाई असते, आणि साहेबांसमोर कधीकधी अशी तडजोड होते जी घरात वीस वर्षांत झाली नव्हती. झाली तर तीही लिहून, सह्या घेऊन नस्तीत लावा.

अतिवृष्टीनंतरचे पीक पंचनामे हा याच कामाचा मोठा अवतार. मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के असावं लागतं, त्यामुळे ३० आणि ३५ मधला फरक त्या शेतकऱ्यासाठी फार मोठा असतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघं मिळून पंचनामा करतात. त्यांच्याबरोबर चिखलात उतरा. चावडीत बसून केलेली यादी आणि वावरात उभं राहून केलेली यादी शेजारी ठेवलीत तर फरक दिसतो.

गौण खनिजाच्या कारवाईला, विशेषतः वाळूच्या, रात्री एकट्यानं जाऊ नका. पोलीस बंदोबस्त, तहसीलदारांना पूर्वकल्पना, दोन वाहनं, एवढं असल्याशिवाय नदीपात्रात उतरू नका. तरुण अधिकाऱ्यांवर ट्रॅक्टर घातल्याच्या घटना या राज्यात घडल्या आहेत. धाडसाचं कौतुक वर्तमानपत्रात एक दिवस होतं.

संध्याकाळ, आणि कधीकधी रात्र

सहानंतर लोक निघतात आणि तहसीलदार सह्यांना बसतात. दिवसातला सर्वात शिकवणारा तास हाच. प्रत्येक नस्तीवर ते कुठे थांबतात ते पाहा. अनुभवी अधिकारी टिपणीचा शेवट आधी वाचतो, मग कागद मागून पुढे उलटतो, मग टिपणीतलं वाक्य कागदाशी ताडून बघतो. घाईत असलेला नुसता ‘सादर’ शब्दाखाली सही करतो. तुमच्या हातून पहिल्या वर्षी जी सवय लागेल तीच राहणार.

परिविक्षाधीनांना दैनंदिनी लिहायची असते. बहुतेक जण महिन्याच्या शेवटी एका बैठकीत सगळी लिहून काढतात. ती रोज लिहा, आणि ‘पुरवठा शाखेस भेट दिली’ असं न लिहिता तिथे काय कळलं ते लिहा: स्वस्त धान्य दुकानात ई-पॉसवर अंगठा उमटत नसेल तर दुकानदार काय करतो, पैसेवारीसाठी पीक कापणी प्रयोग कुठल्या शेतात घेतला आणि ते शेत कसं निवडलं. विभागीय परीक्षांचा अभ्यासही याच वहीतून होतो. त्या परीक्षा ठरलेल्या मुदतीत सुटल्या नाहीत तर परिविक्षा लांबते, म्हणून त्यांना हलकं घेऊ नका.

रात्रीचा फोन आला तर तो बहुधा ग्रामीण रुग्णालयातून किंवा पोलीस ठाण्यातून असतो. भाजलेल्या बाईचा मृत्यूपूर्व जबाब, किंवा लग्नाला ७ वर्षं न झालेल्या विवाहितेच्या मृतदेहाचा इन्क्वेस्ट. कार्यकारी दंडाधिकाऱ्याचं हे काम कुठल्याही वर्गात पुरतं शिकवता येत नाही. तुमच्या नावानं कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार प्रदान झालेत का, ते आधी तपासा. झाले नसतील तर नायब तहसीलदारांबरोबर जा आणि बघा. जबाबाआधी डॉक्टरांकडून रुग्ण शुद्धीवर असून बोलू शकतो असं लेखी घ्यायचं, संपल्यावर पुन्हा घ्यायचं. खोलीत पोलीस नकोत, नवरा नको, सासू नको, माहेरचेही नकोत. आपण कोण आहोत ते तिला सांगायचं, भीती वाटते का विचारायचं. प्रश्न साधे ठेवायचे, ‘काय झालं?’ इतके साधे, आणि उत्तर तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत लिहायचं. आपल्या पुस्तकी मराठीत ते सुधारून घ्यायचं नाही. वाचून दाखवायचं, अंगठा किंवा सही घ्यायची. हात भाजले असतील तर काय केलं ते नमूद करायचं. सुरुवातीची आणि शेवटची वेळ मिनिटांसह लिहायची. लिफाफा सील करायचा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, कलमांचे क्रमांक बदलले. पलंगाशेजारी करायचं काम तेच राहिलं.

अशा रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी बोला. तहसीलदारांशी, तुकडीतल्या मित्राशी, घरच्यांशी. ते मनात ठेवून कामाला जुंपणं बरं नव्हे.

काही महिन्यांनी एखाद्या सजाचा, मंडळाचा किंवा एखाद्या संकलनाचा स्वतंत्र कार्यभार देणारा आदेश तुमच्या हाती येईल. कार्यभार घेताना सहीची घाई करू नका. प्रलंबित फेरफारांची यादी तारखांसह घ्या, तक्रारी नोंदी वेगळ्या मोजा, न्यायालयीन प्रकरणांच्या पुढच्या तारखा लिहून घ्या. पावती पुस्तकांचे अनुक्रमांक जुळवा, वापरलेली शेवटची पावती स्वतः पाहा, रोख रक्कम चलनांशी ताडून बघा. शिक्के आणि डिजिटल स्वाक्षरीची डोंगल कुणाकडे आहे ते विचारा. स्वतःची डोंगल आणि तिचा पासवर्ड कधीही, कितीही विश्वासू ऑपरेटरच्या हाती ठेवू नका. जे कागद मिळाले नाहीत त्यांची नोंद कार्यभार यादीवर करून मगच सही करा आणि तिची एक प्रत घरी ठेवा.